लॅव्हेंडरचं फूल, घरचं तेल आणि विकतची बाटली: तीन रिपोर्ट तीन गोष्टी का सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी सुकवलेली लॅव्हेंडरची फुलं व्हायलमध्ये (झाकणाच्या काचेच्या कुपीत) घालून ६०° से. तापमानाला ४० मिनिटं एसपीएमई फायबर (वाफेतले घटक शोषून घेणारा बारीक धागा) धरला आणि जीसी-एमएस केलं, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या मशीनवर चालवलं. मग त्याच फुलांचं क्लेव्हेंजर नावाच्या ऊर्ध्वपातनाच्या उपकरणात तीन तास पाण्यात उकळून तेल काढलं. तुलनेसाठी ‘शुद्ध लॅव्हेंडर’ असं लेबल असलेली एक बाटलीही तपासली. फुलाच्या वासात सिनिओल (निलगिरीसारख्या वासाचा घटक) २१ टक्के, कापूर १७ टक्के आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट जेमतेम ९ टक्के. स्वतः काढलेल्या तेलात (आकडे टक्क्यांत; लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट हे लॅव्हेंडर तेलाचे दोन मुख्य घटक) लिनॅलूल ४१, लिनॅलिल अ‍ॅसिटेट ११, कापूर ८, सिनिओल ७, बॉर्निऑल ६, अल्फा-टर्पिनिऑल ४. बाटलीत लिनॅलूल ३७, लिनॅलिल अ‍ॅसिटेट ४२, कापूर ०.४, पण लॅव्हेंडुलिल अ‍ॅसिटेट फक्त ०.२ आणि दोन्ही ओसिमीन मिळून १ टक्का. यातलं खरं कोणतं, आणि बाटलीत भेसळ आहे का?

माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. तुमची फुलं बहुधा खऱ्या लॅव्हेंडरची नाहीत, लॅव्हँडिन या संकराची आहेत. तुमच्या तेलात कमी पडलेलं लिनॅलिल अ‍ॅसिटेट फुलात होतं, ते तुमच्याच फ्लास्कमध्ये फुटलं. आणि बाटलीवर संशय घ्यायला जागा आहे, पण या आकड्यांवर तिला दोषी ठरवता येणार नाही.

लॅव्हेंडरच्या कामात मी कुठलाही रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा लिनॅलिल अ‍ॅसिटेटकडे बघतो. हा एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेला रेणू, फार नाजूक. पाणी, आम्ल, उष्णता यातलं काहीही त्याला सोसत नाही. सॅम्पलवर फुलापासून डिटेक्टरपर्यंत काय काय गुदरलं, ते या एका पीकवर (आलेखातल्या त्याच्या शिखरावर) उमटलेलं असतं. तुमच्या तिन्ही रिपोर्टांची उकल त्याच्याच मागे जाऊन करू.

सुरुवात फुलापासून. सुकलेलं एक फूल घ्या आणि पाकळी सोडून खालचा निळसर, खरखरीत पुष्पकोश दहापट भिंगाखाली धरा. त्यावर उभ्या धारा दिसतील, धारांवर फांदीदार केसांची दाट लव, आणि दोन धारांच्या मधल्या खोबणीत लवेच्या आडोशाला बसलेले चकचकीत गोल ठिपके. तेलाच्या ग्रंथी त्या. लॅव्हेंडरचा बहुतेक सगळा सुगंध तिथे साठलेला असतो, पाकळीत फार थोडा. सुईच्या टोकाने एक ठिपका फोडला तर भिंगाखाली तो ओलसर पसरताना दिसतो आणि त्याच क्षणी वास नाकात शिरतो. मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मशीनला हात लावण्याआधी हे करायला लावतो. ग्रंथी शाबूत असेल तर आतलं तेल बऱ्यापैकी सुरक्षित असतं. फुलं चुरडून, कुटून पिशवीत भरली असतील तर हलके घटक कधीच उडून गेलेले असतात आणि उरलेल्यांना हवा लागलेली असते. तुम्ही फुलं अख्खी घातली होती की कुटून, हे लिहिलेलं नाही. त्यानेही आकडे बरेच हलतात.

आता एसपीएमई. १९९० च्या सुमारास यानुश पावलिशिन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली ही पद्धत सुंदर आहे: द्रावक नाही, गाळणं नाही. पण फायबर व्हायलमधल्या वाफेतून घटक उचलतो, फुलातून नाही. सिनिओल १७६° ला उकळतं, लिनॅलिल अ‍ॅसिटेट २२० च्या आसपास. साहजिकच वाफेत सिनिओलचा वाटा तेलातल्या त्याच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यातून फायबरचा थर कार्बोक्सेनसारखा सच्छिद्र असेल तर घटकांमध्ये जागेसाठी चढाओढ लागते, आणि वेळ वाढवली की घट्ट बसणारे जड रेणू हलक्यांना ढकलून बाहेर काढतात. म्हणजे ४० मिनिटांऐवजी १० मिनिटं धरला असता तर टक्केवारी वेगळी आली असती, ६० ऐवजी ३० अंशाला आणखी वेगळी. त्या २१ टक्के सिनिओलचा अर्थ ‘फुलात २१ टक्के सिनिओल आहे’ असा होत नाही. नाकाला फुलाजवळ काय जाणवतं याच्या जवळ जाणारं ते चित्र आहे, तेवढ्याच कामाला वापरा. दोन फुलांची तुलना करायची असेल तर वजन, व्हायल, तापमान, वेळ सगळं तंतोतंत सारखं ठेवून एसपीएमई उत्तम. तेलाच्या टक्केवारीशी मात्र ती ताडून बघू नका.

फुलात खरंच काय आहे हे हवं असेल तर एक ग्रॅम अख्खी फुलं हेक्झेनमध्ये भिजवा, त्यात मोजून इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत मात्रेचा पदार्थ) घाला, अल्ट्रासॉनिकमध्ये १५ मिनिटं ठेवा, गाळा आणि थेट इंजेक्ट करा. पाणी नाही, उकळणं नाही. मेण उतरतं आणि लाइनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) लवकर घाण होतो, ही त्याची किंमत. पण एस्टर शाबूत राहतो. तुमच्याकडे ही चौथी मोजणी असती तर निम्मा प्रश्न पडलाच नसता. तिच्यात कदाचित कूमारिन आणि हर्नियारिनही दिसतील. ही मंडळी ऊर्ध्वपातनात फारशी वर येत नाहीत, पण लॅव्हेंडर अ‍ॅब्सोल्यूटला (द्रावकाने काढलेल्या सुगंधी अर्काला) जो गवताच्या गंजीसारखा गोडवा असतो त्यात कूमारिनचा हात मोठा.

क्लेव्हेंजरकडे येऊ. १९२८ पासून हे उपकरण जगभर वापरात आहे, आणि तेल किती आहे हे मोजायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. युरोपियन फार्माकोपिआत (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात) सुकलेल्या लॅव्हेंडर फुलांत किलोमागे किमान १३ मिलि तेल हवं असा दंडक आहे, तो पाण्यातल्या ऊर्ध्वपातनानेच तपासतात. पण तेल किती आणि तेल कसं हे दोन वेगळे प्रश्न. फुलं तीन तास उकळत्या पाण्यात बुडलेली असतात. वनस्पतीतली आम्लं पाण्यात उतरतात. लिनॅलिल अ‍ॅसिटेटचं जलअपघटन होऊन लिनॅलूल आणि अ‍ॅसेटिक आम्ल तयार होतं, ते आम्ल पाणी आणखी आंबट करतं आणि पुढचा एस्टर आणखी सहज फुटतो. एवढ्यावर थांबत नाही. गरम आंबट पाण्यात लिनॅलूलचीही रचना बदलते: अल्फा-टर्पिनिऑल, जेरॅनिऑल, नेरॉल, थोडं मर्सीन आणि ओसिमीन. तुमच्या तेलातलं ४ टक्के अल्फा-टर्पिनिऑल हाच माग दाखवतंय. लिनॅलूल भरपूर, एस्टर कमी, टर्पिनिऑल चढलेलं, हे त्रिकूट एकत्र दिसलं की तेल जास्त वेळ पाण्यात शिजलं असं समजायला हरकत नाही.

व्यावसायिक ऊर्ध्वपातनात फुलं जाळीवर असतात, खालून वाफ सोडतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक तेल येऊन जातं. म्हणून त्यांच्या तेलात एस्टर टिकतो. तुम्हालाही हे करता येईल. फुलांचा थर पाण्याच्या वर राहील अशी जोडणी करा आणि तेल तीन भागांत वेगळं गोळा करा: पहिली १० मिनिटं, पुढची २०, आणि मग उरलेला वेळ. प्रत्येक भागात लिनॅलिल अ‍ॅसिटेट भागिले लिनॅलूल एवढं एकच गुणोत्तर काढा. फ्लास्कमध्ये काय घडत होतं ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

मग कापूर ८ टक्के कुठून आला? तो उकळण्याने तयार होत नाही आणि सहजासहजी नष्टही होत नाही, त्यामुळे जात ओळखायला तो भरवशाचा. खऱ्या लॅव्हेंडरमध्ये, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलियात, कापूर अगदी थोडा असतो. फार्माकोपिआची कमाल मर्यादा १.२ टक्के, आयएसओ ३५१५ या लॅव्हेंडर तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात जंगली फ्रेंच लॅव्हेंडरला तर ०.५. स्पाइक लॅव्हेंडर, म्हणजे लॅटिफोलिया, हिच्यात कापूर १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर आणि सिनिओल भरपूर. या दोघांचा वांझ संकर म्हणजे लॅव्हँडिन. त्याच्या ‘ग्रोसो’ जातीत कापूर साधारण ६ ते ८ टक्के. तुमचा आकडा तिथेच बसतो, आणि सिनिओल ७ टक्के त्याला दुजोरा देतं. सुकी फुलं म्हणून जे विकलं जातं त्यात लॅव्हँडिन खूप असतं, कारण त्याची कणसं मोठी आणि उत्पन्न जास्त. देठ हाताशी असेल तर बघा: लॅव्हँडिनचा दांडा लांब असतो आणि त्याला बाजूला दोन छोटे फुटवे असतात, खऱ्या लॅव्हेंडरचा दांडा सहसा एकटा. बी सापडलं तर ते लॅव्हँडिन नव्हे.

तुमच्या यादीतल्या ६ टक्के बॉर्निऑलवर थोडं थांबतो. डीबी-५ प्रकारच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या मशीनमधल्या लांब नळीवर) बॉर्निऑल आणि लॅव्हेंडुलॉल यांचे रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक केव्हा बाहेर येतो ते सांगणारे आकडे, ११६९ आणि ११७०. म्हणजे दोघं एकाच पीकखाली येतात. मशीनची लायब्ररी (ओळखीच्या स्पेक्ट्रमांचा संग्रह) जो मोठा असेल त्याचं नाव देते आणि दुसरा गायब होतो. लॅव्हँडिनमध्ये बॉर्निऑल असतंच, पण त्या सहामध्ये लॅव्हेंडुलॉल किती हे या कॉलमवरून कळणार नाही. तसंच लिमोनीन, बीटा-फेलँड्रिन आणि सिनिओल. १०२९ ते १०३१ मध्ये तिघं दाटीवाटीने उभे. पोलर वॅक्स कॉलमवर लिमोनीन आणि सिनिओल सुटतात, पण तिथे लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट एकमेकांच्या अगदी जवळ येतात. लॅव्हेंडर एका कॉलमवर पूर्ण सुटत नाही. दोन कॉलम लावणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

लायब्ररीच्या नावांवर विसंबू नका, ही विनंती मी कळकळीने करतो. मोनोटर्पीनांचे (अशा हलक्या सुगंधी घटकांचे) मास स्पेक्ट्रम, म्हणजे फुटलेल्या रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचे आलेख, भावंडांसारखे असतात, निम्म्यांचं मुख्य आयन ९३. लिनॅलिल अ‍ॅसिटेटचं रेणुवजन १९६, पण स्पेक्ट्रममध्ये १९६ चं आयन दिसतच नाही. रेणू लगेच अ‍ॅसेटिक आम्ल टाकून १३६ वर येतो आणि तिथून १२१ आणि ९३. लिनॅलूलच्या दुसऱ्या एस्टरांचंही तेच. त्यामुळे लायब्ररी कधी लिनॅलिल अँथ्रॅनिलेट म्हणते, कधी फॉर्मेट, आणि ती नावं तशीच रिपोर्टात उतरतात. यावर उपाय रिटेन्शन इंडेक्स. सॅम्पलच्याच प्रोग्रॅमवर सी-८ ते सी-२० अल्केनांचं (८ ते २० कार्बनच्या सरळ साखळ्यांचं) मिश्रण चालवा. समजा सी-१० ९.०५ मिनिटाला आला, सी-११ १२.३५ ला, आणि तुमचा पीक १२.२५ ला. ३.२० भागिले ३.३० म्हणजे ०.९७. इंडेक्स झाला १०९७, लिनॅलूल. स्पेक्ट्रम आणि इंडेक्स दोन्ही जुळले तरच नाव लिहा. लिनॅलिल अ‍ॅसिटेट १२५७ च्या आसपास यायला हवं, लॅव्हेंडुलिल अ‍ॅसिटेट १२९० च्या.

टक्केवारी तुम्ही एमएसच्या क्षेत्रफळावरून काढलेली दिसते. ती एफआयडीवर, म्हणजे घटक ज्योतीत जाळून मोजणाऱ्या डिटेक्टरवर, काढा. आणि एफआयडीसुद्धा सगळ्यांना सारखं तोलत नाही. लिनॅलिल अ‍ॅसिटेटमध्ये ऑक्सिजन आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या लिमोनीनपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण एक चतुर्थांशाने कमी भरतं. क्षेत्रफळाची टक्केवारी आणि वजनाची टक्केवारी एकच धरू नका.

मशीनही एस्टर फोडू शकतं, हे मी फार उशिरा आणि वाईट पद्धतीने शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचं तेल माझ्याकडे आलं. एस्टर कमी, मर्सीन आणि ओसिमीन जास्त. मी ‘दर्जा हलका’ असं लिहून दिलं आणि त्याचा माल पडत्या भावात गेला. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी शुद्ध लिनॅलिल अ‍ॅसिटेटचं स्टँडर्ड टोचलं, तर एका पीकच्या जागी पाच उमटले. लाइनर काळवंडलेला होता, त्यातल्या काचलोकरीवर मेण आणि सेप्टमचा (इंजेक्टरच्या रबरी बुचाचा) चुरा साचला होता. २८० अंशांच्या इंजेक्टरमध्ये एस्टर अ‍ॅसेटिक आम्ल सोडून मर्सीन, ओसिमीन आणि लिमोनीन होत होता. तेल चांगलं होतं, घाण माझ्या लाइनरमध्ये होती. मी रिपोर्ट दुरुस्त करून पाठवला, पण विकला गेलेला माल परत येत नाही. तेव्हापासून लॅव्हेंडरच्या प्रत्येक बॅचआधी मी ते स्टँडर्ड टोचतो. एकच स्वच्छ पीक आला तरच पुढे. निष्क्रिय केलेला लाइनर, काचलोकर शक्यतो नाही, इंजेक्टर २२० ते २३०, तेल हेक्झेनमध्ये एक टक्का, स्प्लिट १:५० (म्हणजे टोचलेल्यातला थोडाच भाग कॉलमवर). एवढं सांभाळलं की पुरतं. तुम्हीही हे करा, कारण तुमच्या ११ टक्क्यांतला काही तोटा फ्लास्कमध्ये झाला असेल आणि काही इंजेक्टरमध्ये. बाटलीत त्याच मशीनवर ४२ टक्के दिसले, म्हणून मी दोष मुख्यतः फ्लास्कला देतो.

आता बाटली. वरवर ती फार्माकोपिआत नीट बसते: लिनॅलूल २० ते ४५, लिनॅलिल अ‍ॅसिटेट २५ ते ४७, कापूर मर्यादेत. भेसळ करणाराही हेच आकडे समोर ठेवून मिश्रण करतो, त्यामुळे मोठे दोन पीक जुळले याला मी फारसं महत्त्व देत नाही. मी बघतो ते छोट्यांकडे: ३-ऑक्टॅनोन, १-ऑक्टेन-३-इल अ‍ॅसिटेट, दोन्ही ओसिमीन, टर्पिनिन-४-ऑल, लॅव्हेंडुलॉल आणि त्याचं अ‍ॅसिटेट. जंगली फ्रेंच लॅव्हेंडरमध्ये सिस-ओसिमीन एकटंच ४ ते १० टक्के आणि लॅव्हेंडुलिल अ‍ॅसिटेट किमान २ टक्के अपेक्षित असतं. तुमच्या बाटलीत ही सगळी ओळ पुसट आहे. कुणी चांगल्या तेलात कृत्रिम लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट ओतलं तर असंच दिसेल.

पण इथे घाई नको. ‘मायेट’ नावाची कलमांवर वाढवलेली एक जात आहे, तिच्यात ओसिमीन, टर्पिनिन-४-ऑल आणि लॅव्हेंडुलिल अ‍ॅसिटेट मुळातच कमी असतात आणि दोन मुख्य घटक भरपूर. आयएसओने तिच्यासाठी वेगळ्या मर्यादा दिल्यात त्या याचसाठी. म्हणून मी म्हटलं, संशय आहे, निकाल नाही.

निकाल कायरल कॉलमवर मिळेल. सायक्लोडेक्स्ट्रिनचा थर असलेल्या कॉलमवर लिनॅलूलची आर आणि एस ही दोन आरशातली रूपं वेगळी होतात. लॅव्हेंडरचं झाड जवळजवळ सगळं आर रूप बनवतं. कारखान्यातलं निम्मं आर, निम्मं एस. फार्माकोपिआची मर्यादा अशी: एस-लिनॅलूल कमाल १२ टक्के, एस-लिनॅलिल अ‍ॅसिटेट कमाल १ टक्का. पहिल्याला इतकी सवलत का? कारण ऊर्ध्वपातनाच्या आंबट पाण्यात लिनॅलूलचं रूप थोडं पालटतं, तुमच्या तीन तासांच्या तेलातही ते पालटलेलं सापडेल. एस्टरचं तसं होत नाही, तो फुटतो पण पालटत नाही. म्हणून माझा भर एस्टरवर. हिशोब सोपा आहे: बाटलीतल्या लिनॅलिल अ‍ॅसिटेटचा दहावा भाग जरी कृत्रिम असला, तरी त्या दहाव्यातला निम्मा एस, म्हणजे एस रूप ५ टक्क्यांवर. मर्यादेच्या पाचपट. लपणं शक्य नाही. सोबत डायहायड्रोलिनॅलूलचा बारीक पीकही शोधा, कृत्रिम लिनॅलूलच्या निर्मितीतून तो मागे राहतो.

भेसळ करणारा हुशार असेल तर कृत्रिम न वापरता ‘हो’ नावाच्या तेलातलं लिनॅलूल घेईल. कापराच्या झाडाच्या एका प्रकारापासून ते मिळतं आणि तेही आर रूपातलंच असतं, त्यामुळे कायरल चाचणी त्याला पास करते. तेव्हा पुन्हा छोट्या पीकांकडेच यावं लागतं, किंवा कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचं गुणोत्तर मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे. लॅव्हँडिनवर अ‍ॅसिटिलेशन (अल्कोहोलांचे एस्टर बनवणारी प्रक्रिया) करून एस्टर वाढवलेला असेल तर बाकीच्या अल्कोहोलांचेही एस्टर होतात आणि टर्पिनिल, बॉर्निल अ‍ॅसिटेट अवाजवी वर येतात. तुमच्या बाटलीत कापूर ०.४ आहे, तेव्हा ही शक्यता मी सोडून देतो.

बाटली उघडून किती दिवस झाले? लिनॅलूल आणि त्याचा एस्टर हवेत हायड्रोपेरॉक्साइड बनवतात, आणि त्वचेला अ‍ॅलर्जी होण्यामागे मुख्यतः तेच असतात. गंमत नाही, गंभीर बाब आहे, कारण गरम इंजेक्टरमध्ये ते विघटित होतात आणि नेहमीच्या जीसीवर दिसतच नाहीत. रिपोर्ट स्वच्छ, तेल मात्र खराब, असं होऊ शकतं. लिनॅलूल ऑक्साइड आणि कॅरिओफिलीन ऑक्साइड चढलेले दिसले तर पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेलातल्या पेरॉक्साइडांचं माप) वेगळी काढा.

सगळं लगेच जमणार नसेल तर क्रम असा ठेवा. आज लिनॅलिल अ‍ॅसिटेटचं स्टँडर्ड टोचून इंजेक्टर तपासा. उद्या फुलांचा हेक्झेन अर्क चालवा. त्यात एस्टर २५-३० टक्क्यांच्या घरात आला आणि कापूर आताइतकाच राहिला, तर लॅव्हँडिनवर शिक्का बसला. बाटलीतलं दोन मिलि तेल लहान गडद व्हायलमध्ये काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्यातलं कायरल चाचणीला पाठवा. तोवर दोन कागदी पट्ट्यांवर एक-एक थेंब टाका, एकीवर तुमचं तेल, दुसरीवर बाटलीतलं. पहिल्या मिनिटाला तुमच्या पट्टीवर कापूर आणि सिनिओल नाकात टोचेल. तासाभराने पुन्हा हुंगा. बाटलीच्या पट्टीवर एस्टरचा फळासारखा गोडवा गेल्यावर खाली काहीतरी वनस्पतीचं, किंचित मशरूमसारखं, हिरवं उरतं का ते बघा. काहीच उरत नसेल, नुसता स्वच्छ गोडवा येऊन विरून जात असेल, तर कायरल चाचणीच्या रिपोर्टात एस रूपाचा रकाना सगळ्यात आधी वाचा.